‘पोट’ आणि ‘उप’ एकच नव्हेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांपासून आपल्या दैनिकात ‘पोटनिवडणूक’ हा शब्द क्वचितच दिसतो. त्याच्या जागी कधी ‘उपनिवडणूक’ छापले जाते, तर कधी सरळ ‘बायपोल’. न्यायालयाच्या बातम्यांत पोटकलमाचे उपकलम झाले आहे, पोटभाडेकरूचा सबटेनंट झाला आहे, आणि जमिनीच्या जाहिरातींत पोटहिश्शाला सबप्लॉट म्हणण्याची रीत पडू लागली आहे. याच स्तंभात मध्यंतरी एका वाचकांनी या बदलाचे स्वागत केले होते. पोट हा शब्द घरगुती, देहाशी जोडलेला आणि काहीसा गावंढळ असल्याने कायदा व प्रशासन यांच्या भाषेत तो शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माझी नोकरी दिवाणी न्यायालयात भाषांतरकार म्हणून झाली आणि या शब्दाशी माझा रोजचा संबंध होता. म्हणून या मताचा सविस्तर प्रतिवाद करण्याची परवानगी घेतो.

गावंढळपणाचा आक्षेप आधी बाजूला करतो. ‘पोट्ट’ हा शब्द प्राकृतात उदर या अर्थाने रूढ होता. जैन आचार्य हेमचंद्राच्या बाराव्या शतकातील ‘देशीनाममाले’त, म्हणजे संस्कृतातून व्युत्पत्ती लागत नाही अशा शब्दांच्या कोशात, तो नोंदवलेला आहे. तेलुगूत पोटाला ‘पोट्ट’ म्हणतात आणि कन्नडमध्ये ‘होट्टे’. जुन्या कन्नडमधील ‘प’चा पुढे ‘ह’ झाला, हे सोलापूर-बेळगावकडच्या वाचकांना सांगायला नको. हा शब्द कोणी कोणाकडून घेतला या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही; मात्र दख्खनच्या निम्म्याअधिक भागात शतकानुशतके वावरलेला शब्द केवळ घरात बोलला जातो म्हणून कमी दर्जाचा ठरत नाही. मोल्सवर्थने १८३१ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी-इंग्रजी कोशात आणि त्यानंतर शंभर वर्षांनी आलेल्या दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त या शब्दाचा आणि त्याच्या वाक्प्रचारांचा पसारा पाहिला, तर आक्षेप घेणाऱ्यांनाही थोडे थांबावेसे वाटेल.

पोट म्हणजे उदर हा अर्थ सर्वांनाच ठाऊक आहे. त्याखेरीज पोट म्हणजे गर्भाशय, पोट म्हणजे मन, पोट म्हणजे उपजीविका, आणि पोट म्हणजे कोणत्याही वस्तूची आतली पोकळी किंवा बाहेर आलेला फुगवटा. रांजणाला पोट असते, होडीला असते, तंबोऱ्याच्या भोपळ्याला असते. पावसाळ्यात जुनी भिंत ओल धरून बाहेर झुकली की गवंडी ‘भिंतीनं पोट काढलंय’ असे म्हणतो, आणि तेवढ्या एका वाक्यावरून घरमालकाला कळते की आता टेकू लावून भागणार नाही. या पोकळीच्या अर्थातूनच ‘आत सामावलेले’ हा अर्थ निघाला, आणि त्यातून ‘पोट’ हे समासाचे पूर्वपद म्हणून कायद्याच्या आणि महसुलाच्या भाषेत येऊन बसले.

माझा मुख्य मुद्दा येथेच आहे. संस्कृत ‘उप’ या उपसर्गाचा मूळ अर्थ जवळ, शेजारी, खालोखाल असा आहे. उपनगर शहराच्या लगत असते, उपनदी स्वतःच्या उगमापासून स्वतंत्र वाहत येऊन मुख्य नदीला मिळते, उपाध्यक्ष अध्यक्षाच्या खालोखाल बसतो. उपवास या शब्दातला ‘उप’देखील जवळ राहण्याचाच आहे, पोट रिकामे ठेवण्याशी त्याचा व्युत्पत्तीने संबंध नाही. याउलट ‘पोट’ लागते तेव्हा दुसरी वस्तू पहिलीच्या आत असते, पहिलीतून वेगळी काढता येत नाही आणि पहिलीची हद्द तिला ओलांडता येत नाही. पोटजात जातीच्या शेजारी नसते, जातीच्या आत असते. पोटमाळा हा इमारतीचा आणखी एक मजला नव्हे. तो खोलीच्याच उंचीत काढलेला असतो, आणि म्हणूनच मुंबईच्या चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत दोन पिढ्या झोपू शकल्या. ‘उपमाळा’ म्हटले असते तर तो कोठे आहे हे कोणालाच कळले नसते.

महसुलातील दोन शब्द तर असे आहेत की ते काढून टाकले तर अर्थाचे प्रत्यक्ष नुकसान होते. पहिला पोटहिस्सा. सर्व्हे नंबर ४५ ची जमीन दोन भावांत वाटली गेली, मोजणी झाली आणि ४५/१ व ४५/२ असे भाग पडले, तर ते ४५ चे पोटहिस्से होत. त्यांची बेरीज मूळ क्षेत्राइतकीच यावी लागते, आणि चुकून एक आर जरी जास्त निघाला तर वाद उभा राहतो. दुसरा शब्द पोटखराबा. सातबारा उतारा हातात घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने तो वाचलेला असतो, पण शहरातल्या खरेदीदाराला बहुधा तो समजत नाही, आणि ‘खराब जमीन’ एवढाच अर्थ लावून तो पुढे जातो. जमिनीच्या वापरावरील निर्बंधांविषयीच्या १९६८ च्या महाराष्ट्राच्या नियमांत पोटखराब्याचे दोन वर्ग केले आहेत. वर्ग ‘अ’मध्ये खडकाळ अथवा अन्य कारणाने लागवडीस अयोग्य असलेली जमीन, तसेच शेतकऱ्याचे स्वतःचे खळे आणि शेतघर येते. वर्ग ‘ब’मध्ये रस्ता, वहिवाटीची पायवाट, इतरांच्याही उपयोगाचा ओढा किंवा तळे, स्मशानभूमी अशी सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन येते. दोन्ही शेतसाऱ्याची आकारणी झालेल्या सर्व्हे नंबराच्या आतच असतात आणि तरी त्यांच्यावर सारा बसलेला नसतो. ‘आत असून हिशेबाबाहेर’ ही सारी कल्पना ‘पोट’ या दोन अक्षरांनी पेलली आहे. वर्ग ‘अ’मधील जमीन कष्टाने लागवडीखाली आणणाऱ्या शेतकऱ्यांसाठी २०१८ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली, ती बातमी ज्यांना समजली त्यांना हा शब्द आधी समजलेला होता म्हणून समजली. इंग्रजी अमदानीतल्या मोजणी खात्याला पोटखराब्यासाठी आपल्या भाषेत प्रतिशब्द सापडला नाही, किंवा शोधण्याची गरज वाटली नाही. इंग्रजी नियमांतही तो ‘पोट-खराब’ असाच रोमन लिपीत लिहिला जातो. साहेबाने जो शब्द मान देऊन ठेवून घेतला, तो आपण गावंढळ म्हणून टाकावा, हे मला चमत्कारिक वाटते.

पोटनिवडणुकीचेही तसेच. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १५१-अ नुसार जागा रिकामी झाल्यापासून सामान्यतः सहा महिन्यांत ती भरावयाची असते, आणि उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर हे बंधन राहत नाही. निवडून आलेल्या सदस्याला नवी पाच वर्षे मिळत नाहीत. आधीच्या सदस्याची जेवढी मुदत शिल्लक असेल तेवढीच मिळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कसबा पेठ आणि चिंचवड येथे विद्यमान आमदारांच्या निधनामुळे मतदान झाले, आणि तेथे निवडून आलेल्यांची आमदारकी २०२४ मध्ये विधानसभेबरोबरच संपली. सार्वत्रिक निवडणुकीने ठरवलेल्या मुदतीच्या आत होणारी म्हणून ती पोटनिवडणूक. हिंदीत ‘उपचुनाव’ म्हणतात म्हणून आपणही ‘उपनिवडणूक’ म्हणावे असे वाटणाऱ्यांनी जरा पश्चिमेला पाहावे. गुजरातीत या निवडणुकीला ‘पेटाचूंटणी’ म्हणतात आणि पोटकलमाला ‘पेटाकलम’. तो ‘पेटा’ही पोटाचाच. शेजारच्या वृत्तपत्रांना त्यात काही कमीपणा वाटत असल्याचे दिसत नाही.

पोटकलमाबद्दल फार लिहीत नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली आला आणि राज्याचे कायदे मराठीत येऊ लागले, तेव्हापासून ‘पोट-कलम’, ‘पोट-नियम’ हे शब्द राजपत्रात नियमाने छापले जातात. ‘कलम १२, पोट-कलम (२), खंड (क)’ ही उतरंड वकिलांच्या तोंडात बसलेली आहे. बातमीत ‘उपकलम’ लिहिले तर बातमी आणि राजपत्र यांची भाषा निष्कारण वेगळी होते, आणि बातमी हाती घेऊन मूळ तरतूद शोधू पाहणारा सामान्य माणूस गोंधळतो. पोटभाडेकरू हा शब्द तर मुंबईत हजारो कुटुंबांच्या डोक्यावरील छपराशी बांधलेला होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने मूळ भाडेकरूला जागा परस्पर दुसऱ्याला देण्यास मनाई केली, तरी प्रत्यक्षात तसे घडतच राहिले, आणि पुढे एका दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेचा ताबा असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण मिळाले. त्या एका तारखेवर लढलेल्या दाव्यांचे कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ‘सबटेनंट’ हा शब्द वाचून परकेपणा वाटला तर नवल नाही.

माझ्या म्हणण्याला अपवाद आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. उपविभागीय अधिकाऱ्याचा उपविभाग जिल्ह्याच्या आतच असतो. राज्यघटनेच्या मराठी अनुवादात ‘उपखंड’ आहे. वनस्पतिशास्त्रात ‘उपप्रजाती’ आहे. तेथे ‘उप’ रूढ झाला आहे आणि तो उखडून ‘पोटविभागीय अधिकारी’ करा असे मी म्हणणार नाही, कारण तसे केले तर त्या अधिकाऱ्यांना त्यांच्या देहयष्टीवरील टीका वाटेल. रूढ झालेले ‘उप’ राहू द्यावेत आणि रूढ असलेल्या ‘पोट’लाही हात लावू नये, एवढीच मागणी आहे.

आता पोटगी. या शब्दाबाबत वृत्तपत्रांचा दोष वेगळा आहे. ते हा शब्द टाळत नाहीत, पण त्याचा अर्थ फार आखडून टाकतात. बातम्या वाचून असे वाटते की पोटगी म्हणजे घटस्फोटित पत्नीला नवऱ्याने द्यावयाची रक्कम, आणि ती बहुधा मोठी असल्याशिवाय बातमी होत नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत शिबंदीला, म्हणजे पदरच्या शिपायांना, किंवा चाकराला खर्चासाठी दिलेल्या रकमेलाही पोटगी म्हटलेले आढळते. ज्याचे पोट आपल्यावर अवलंबून आहे त्याला द्यावयाचे ते, असा तो व्यापक अर्थ आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, पत्नीबरोबरच अज्ञान मुले आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आईवडील यांनाही हा हक्क आहे, आणि पत्नीला तो मिळण्यासाठी घटस्फोट झालेला असण्याची अट नाही. पूर्वी या कलमाखाली दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ मध्ये काढण्यात आली. आईवडिलांसाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्याच्या मराठी नावात ‘चरितार्थ’ हा शब्द वापरण्यात आला. शब्द सभ्य आहे, अर्थवाहीही आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की म्हाताऱ्या आईला मुलाकडून पोटगी मागता येते हे अनेकांच्या गावीही नसते, कारण पोटगी म्हणजे नवरा-बायकोचे भांडण असा समज पक्का झाला आहे. बातमीदारांनी ‘आईला मुलाकडून पोटगी’ असे शीर्षक न कचरता द्यावे. ते कायद्यालाही धरून आहे आणि मराठीलाही.

पत्राचा यापुढचा भाग मी खास आपल्या उपसंपादकांसाठी लिहीत आहे, कारण ‘पोट’चे जे रूप वृत्तपत्रे सर्वांत जास्त वापरतात तेच सर्वांत जास्त चुकवतात. ते रूप म्हणजे ‘-पोटी’ हे शब्दयोगी अव्यय. ‘शुद्ध बीजापोटी’ आणि ‘सूर्यापोटी शनैश्वर’ यांत ते जन्माच्या अर्थाने आहे. (सूर्य पिता असूनही ‘पोटी’ म्हटले जाते, आणि बापही मुलाला ‘पोटचा’ म्हणतो, मराठीने येथे शरीरशास्त्राची पर्वा केलेली नाही.) जन्माच्या अर्थावरूनच ‘भीतीपोटी’, ‘मायेपोटी’, ‘द्वेषापोटी’, ‘अज्ञानापोटी’ हे प्रयोग आले. येथे जे घडते ते मनातल्या त्या भावनेतून किंवा अवस्थेतून जन्मलेले असते. दुसरा प्रयोग देण्याघेण्याचा आहे. ‘थकबाकीपोटी दहा हजार भरले’, ‘कर्जापोटी शेत लिहून दिले’, ‘मोबदल्यापोटी धनादेश दिला’ यांत ‘पोटी’चा अर्थ ‘त्या येण्यात किंवा देण्यात जमा धरून’ असा होतो, आणि न्यायालयात हा अर्थ फार नेमका मानला जातो. ‘भाड्याचे पाच हजार मिळाले’ आणि ‘भाड्यापोटी पाच हजार मिळाले’ ही दोन वाक्ये सारखी नाहीत. पहिल्यात भाडे फिटले असे समजता येते. दुसऱ्यात भाडे आणखी असेल आणि त्यात ही रक्कम वळती केली, एवढेच निघते. पावतीवर यांपैकी कोणते वाक्य आहे, यावरून थकबाकीचा मुद्दा फिरतो.

या दोन प्रयोगांखेरीज तिसऱ्याच ठिकाणी हल्ली ‘पोटी’ चिकटवले जाते. ‘पावसापोटी सामना रद्द’ आणि ‘अपघातापोटी वाहतूक ठप्प’ असे मथळे मी वाचले आहेत. पाऊस आणि अपघात ही बाहेरची कारणे आहेत; तेथे ‘मुळे’ हवे. याहून गंभीर उदाहरण ‘कर्जापोटी शेतकऱ्याची आत्महत्या’ हे आहे. वर सांगितलेला देण्याघेण्याचा अर्थ ज्याच्या कानात बसला आहे त्याला हे वाक्य असे ऐकू येते की शेतकऱ्याने कर्जाच्या खात्यात आपला जीव जमा केला. लिहिणाऱ्याच्या मनात तसे काही नसते हे उघड आहे, पण इतक्या दुःखाच्या बातमीत तरी ‘कर्जामुळे’ किंवा ‘कर्जाला कंटाळून’ लिहिण्याची काळजी घेतली जावी.

आरोग्याच्या पुरवणीबद्दलही एक तक्रार आहे. इंग्रजी लेखांचे भाषांतर करताना ‘पोटाचा कर्करोग’, ‘पोटातील आम्ल’ असे लिहिले जाते. मराठीत पोट म्हणजे छातीच्या खालपासून ओटीपोटापर्यंतचा सगळा भाग. त्यात जठर, यकृत, स्वादुपिंड, लहान-मोठे आतडे हे सर्व आले. मूळ लेखात जठराबद्दल लिहिलेले असेल तर भाषांतरात जठर म्हणावे, नाहीतर यकृताचा रुग्णही तो लेख आपल्यासाठी आहे असे समजून वाचेल. बोलीत मात्र पोटाच्या दुखण्याचे वर्णन पुरेसे बारीक आहे. पोटात कळ येते, मुरडा येतो, आग पडते, गुबारा धरतो, पोट डब्ब होते, आणि या प्रत्येक शब्दावरून जुना डॉक्टर कोठे हात ठेवायचा ते ठरवतो. तरुण डॉक्टरांना मराठीतून हे शब्द शिकवण्याची सोय असायला हवी असे मला फार वाटते, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

पोट म्हणजे मन, या अर्थाचे वाक्प्रचार मात्र अजून वृत्तपत्रांतून गेलेले नाहीत, आणि राजकारण चालू आहे तोवर जाणारही नाहीत. विरोधकांना पोटशूळ उठतो, पोटदुखी होते. वक्ता पोटतिडकीने बोलतो. नेत्याच्या ओठात एक आणि पोटात एक असते. मत्सराची जागा पोटात आहे असे मानणारे आपण एकटे नाही. कन्नडमध्ये मत्सराला ‘होट्टेकिच्चु’ म्हणतात, म्हणजे पोटातला विस्तव. विशेष हे की ज्या पोटात मत्सर दुखतो त्याच पोटात क्षमाही असते. अपराध ‘पोटात घालणे’ म्हणजे माफ करणे; गुपित ‘पोटात ठेवणे’ म्हणजे विश्वास राखणे; लेकराला ‘पोटाशी धरणे’ म्हणजे सांभाळणे; आणि ‘पोटात शिरणे’ म्हणजे गोड बोलून मर्जी मिळवणे, ज्याची उदाहरणे प्रत्येक कचेरीत सापडतात. ‘चूक पोटात घाला’ असे म्हणणारा माणूस काय मागतो ते नीट पाहावे. चूक झालीच नाही असे म्हणा, अशी त्याची विनंती नसते. ती झाली हे दोघांनाही ठाऊक आहे. तुम्ही ती गिळावी आणि पुन्हा वर काढू नये, एवढेच तो मागतो. ‘क्षमा करा’ या शब्दांत हा करार नाही. आपल्याकडे आता दोन्हींऐवजी ‘सॉरी’ चालते, आणि त्यात तर मागणेही नाही.

भुकेच्या अर्थाकडे वळताना लेखणी जपून चालवावी लागते, कारण येथे शब्द माणसांच्या अंगाला जाऊन लागतात. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा ‘हातावर पोट असलेले’ हा वाक्प्रचार आपल्या आणि इतर सर्व दैनिकांत जवळजवळ रोज आला. त्याआधी तो कथा-कादंबऱ्यांत अधिक आणि बातम्यांत कमी दिसे. ‘असंघटित क्षेत्रातील कामगार’ ही सरकारी संज्ञा मुंबई-नाशिक महामार्गावरून चालत निघालेल्या माणसांना पुरी पडत नव्हती, हे त्या वेळी बातमीदारांनीच ओळखले. आज कमवावे आणि आजच खावे, उद्याचा हिशेब नाही, ही स्थिती त्या तीन शब्दांत आहे. ‘पोटावारी’ हा याच गोत्रातला शब्द मात्र मागे पडला आहे. पैसे न घेता केवळ दोन वेळच्या जेवणावर राबणे म्हणजे पोटावारी राबणे. तशी कामे आजही होतात, वीटभट्टीवर होतात, धाब्यांवर होतात, आणि बातमीत त्यांना ‘अल्प मोबदल्यात’ म्हटले जाते, जे खरे नाही, कारण मोबदला नसतोच. ‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ ही म्हण मोर्चांच्या फलकांवर अजून दिसते आणि ती बातमीतही जशीच्या तशी येते, याबद्दल आपले आभार मानतो.

शेवटचा मुद्दा शेतीच्या पानाचा. पायाच्या मागच्या फुगीर भागाला आपण पोटरी म्हणतो, आणि हाच शब्द शेतकरी पिकालाही वापरतो. ज्वारीचे कणीस बाहेर पडण्यापूर्वी वरच्या पानाच्या आवरणात भरून येते, ताट तेथे फुगते, आणि पीक ‘पोटरीत आले’ असे म्हटले जाते. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतही हाच शब्द आहे. रब्बी ज्वारीला पाणी देण्याच्या नाजूक वेळा सांगताना पेरणीनंतर साधारण २८ ते ३० दिवसांनी गर्भावस्था, ५० ते ५५ दिवसांनी पोटरी, ७० ते ७५ दिवसांनी फुलोरा आणि ९० ते ९५ दिवसांनी दाणे भरण्याची अवस्था, असा क्रम दिला जातो. एकच पाणी हाताशी असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते कोणत्या वेळी द्यावे हे या शब्दांवरून ठरवायचे असते. आपल्या शेतीविषयक सदरात अलीकडे या अवस्थेला ‘बूट स्टेज’ म्हटले गेले. ज्या वाचकासाठी ते सदर चालवले जाते त्याच्याकडे या अवस्थेसाठी स्वतःचा शब्द आहे, विद्यापीठाच्या पुस्तिकेतही तोच आहे. पुढच्या हंगामाचे लेख छापण्याआधी तेवढी दुरुस्ती व्हावी, आणि ‘पोटनिवडणूक’, ‘पोटकलम’, ‘पोटहिस्सा’, ‘पोटभाडेकरू’ हे चार शब्द आपल्या संपादकीय विभागाच्या शब्दसूचीत पुन्हा घ्यावेत, ही विनंती.

पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर ‘-पोटी’विषयीचा भाग तेवढा ठेवावा.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार, सातारा